पारंपरिक चिनी युद्धकला: शिक्षणाचा क्रम आणि आपली तालीम

गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगाव, तेथून निपाणी आणि पुढे कोल्हापूर असा प्रवास करणाऱ्या वाचकाला कोगनोळी हे नाव बहुधा टोलनाक्यामुळे परिचित असते. कोविडच्या साथीत कर्नाटकात शिरणाऱ्यांचे अहवाल येथेच तपासले जात. सीमाप्रश्न पेटला की महाराष्ट्रातील नेत्यांच्या गाड्याही याच नाक्यावर अडवल्या जातात. दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. राज्य, पोलीस आणि एसटीचा रंग येथे बदलतो. बोली, बाजार आणि तालीम मात्र बदलत नाही.

तालीम हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. १९५९ मध्ये दिल्लीत पहिला 'हिंदकेसरी' किताब जिंकणारे श्रीपती खंचनाळे मूळचे चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे, म्हणजे याच पट्ट्यातले. त्यांची कुस्ती घडली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या प्रवासात कलोसियम पाहून खासबागेचे कुस्ती मैदान उभारले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. त्या मैदानाची हाक सीमेच्या अलीकडच्या गावांपर्यंत आजही पोहोचते. अशा मुलखात आता निमशहरी चौकांतून 'कराटे, कुंग फू, किक बॉक्सिंग' अशी एकत्र पाटी दिसते. पाटीवरील पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाचा अर्थ पालकांना साधारणपणे कळतो. दुसरा शब्द चित्रपटांतून आला आणि चित्रपटाइतकाच अस्पष्ट राहिला. चिनी युद्धकला परंपरेने कशी शिकवतात, तिचा क्रम कोणता, आणि आपल्या तालमीत वाढलेल्या माणसाला त्यात ओळखीचे काय सापडते, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

नावांचा उलगडा

'कुंग फू' (चिनी उच्चार 'गोंगफू' या जवळचा) याचा मूळ अर्थ लढाई असा नाही. दीर्घकाळ कष्ट करून अंगी बाणवलेले कौशल्य, असा तो आहे. स्वयंपाक्याच्या हातात किंवा सुलेखनकाराच्या कुंचल्यातही गोंगफू असू शकते. आपल्याकडे पैलवान ज्या अर्थाने 'मेहनत' हा शब्द वापरतात, तो याच्या सर्वांत जवळ जाणारा. युद्धकलेला नेमका चिनी शब्द 'वूशू': 'वू' म्हणजे युद्धविषयक आणि 'शू' म्हणजे कला. प्रजासत्ताक चीनच्या काळात 'क्वोशू', अर्थात राष्ट्रीय कला, हे नाव रूढ करण्यात आले. १९२८ मध्ये नानचिंग येथे सरकारी पाठबळावर केंद्रीय क्वोशू संस्था स्थापन झाली. आज 'वूशू' म्हटले की बहुतेक वेळा स्पर्धेचा खेळ अभिप्रेत असतो आणि 'कुंग फू' म्हटले की जुन्या घराण्यांची विद्या. ही विभागणी काटेकोर नाही, पण व्यवहारात उपयोगी पडते. शिकवणाऱ्यास 'शिफू' म्हणतात. 'सेन्सेई', 'दोजो' आणि 'काता' हे शब्द जपानी आहेत. ज्या वर्गात कुंग फूच्या नावाखाली हेच शब्द सर्रास ऐकू येतात, तेथे प्रत्यक्षात कराटे शिकवले जात असण्याचा संभव अधिक. कराटे वाईट असे यातून मुळीच सुचवायचे नाही. पाटी आणि माल एक असावा, एवढेच.

चीनमध्ये शेकडो घराणी आहेत. उत्तरेकडील घराण्यांत लांब पल्ल्याचे हात, उंच लाथा आणि झेप यांना महत्त्व; दक्षिणेकडील घराण्यांत पाय रोवून जवळून चालणारे हात अधिक. बाह्य बळावर भर देणारी आणि अंतर्गत बळावर भर देणारी, अशीही एक जुनी वर्गवारी आहे. ताय-ची-छुआन दुसऱ्या गटातले प्रसिद्ध नाव.

बोधिधर्माची कथा

भारतीय वाचकाशी चिनी युद्धकलेविषयी बोलताना एक प्रश्न टाळता येत नाही. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलीन मठातील भिक्षूंना ही विद्या शिकवली, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. इतिहासाचा आधार या कथेला नाही. हनान प्रांतातील सोंगशान पर्वतावरील हा मठ इसवी सन ४९५ मध्ये उभारला गेला तो बातुओ नावाच्या दुसऱ्याच एका भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माचे नाव व्यायामाशी जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ १७व्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारहून अधिक वर्षांनी लिहिलेला. थांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही गोष्ट दाखवून दिली होती.

जे खरोखर नोंदलेले आहे ते कमी रंजक नाही. ६२१ मध्ये शाओलीनच्या भिक्षूंनी पुढे थांग सम्राट झालेल्या ली शिमिनला लढाईत साहाय्य केले. त्याची नोंद ७२८च्या शिलालेखात मठातच आहे. १६व्या शतकाच्या मध्यास किनाऱ्यावरील समुद्री लुटारूंविरुद्ध लढताना या भिक्षूंची कीर्ती पसरली ती मुष्टियुद्धासाठी नव्हे, काठीसाठी. १७व्या शतकाच्या आरंभी छंग झोंगयौ याने लिहिलेला शाओलीनच्या काठीवरील ग्रंथ या विषयातील महत्त्वाचे साधन मानला जातो. ज्यांनी कोल्हापुरात शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरताना पाहिली आहे, त्यांना काठीचा हा मान नवखा वाटणार नाही.

भारत आणि शाओलीन यांचा एक धागा मात्र पक्का आहे, आणि तो थेट महाराष्ट्रातून जातो. सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यातून प्रवास करून येथील लोकांच्या मानी आणि लढाऊ वृत्तीचे वर्णन करणारा युआन च्वांग (आपल्या पाठ्यपुस्तकांतील ह्युएन त्संग) हा सोंगशानच्याच परिसरातला. चीनला परतल्यावर त्याने उर्वरित आयुष्य शाओलीन मठात भाषांतरात घालवण्याची परवानगी सम्राटाकडे मागितली होती. ती त्याला मिळाली नाही.

शिक्षणाचा क्रम

पारंपरिक शिक्षणाचा आरंभ डावपेचांनी होत नाही, उभे राहण्याने होतो. पहिली स्थिती 'मा बू', म्हणजे घोड्यावर मांड टाकल्याप्रमाणे पाय फाकवून, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून, पाठ सरळ धरून उभे राहणे. त्यानंतर पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणलेली 'गोंग बू' किंवा धनुष्यस्थिती. सर्व भार मागच्या पायावर घेणारी 'शू बू'. एक पाय आडवा पसरून जमिनीलगत बसणारी 'पू बू'. आणि पाय तिढ्यात घेऊन बसणारी 'श्ये बू'. उत्तरेकडील बहुतेक शाळांत नवख्याकडून याच पाच स्थिती घोटून घेतल्या जातात. मर्दानी खेळातील 'पवित्रा' हा शब्द येथे नेमका बसतो. पट्टा किंवा लाठी हातात येण्याआधी कोल्हापूरचा वस्ताद पोराला रिकाम्या हाताने पवित्रे टाकायला लावतो, आणि त्याचे कारण चीनमधील शिफू सांगेल तेच असते: पाय चुकला की हात कितीही चपळ असला तरी वार पोकळ जातो.

स्थितींनंतर पाय मोकळे करण्याचा अभ्यास. ताणाचे व्यायाम, मग सरळ रेषेत चालत मारायच्या लाथा. 'तान तुई' या नावाची एक पायाभूत मालिका उत्तर चीनमध्ये फार प्रसिद्ध आहे. तिच्या दहा ओळींचा प्रकार तेथील ह्वे मुस्लिम समाजाने जपला आणि नंतर तो सर्व पंथांच्या शाळांत शिरला. बडोद्याचे व्यायाममंदिर जुम्मादादा या मुस्लिम उस्तादांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी ते नावारूपाला आणले, हे येथे सहज आठवते. आखाड्याच्या मातीला धर्म विचारण्याची सवय दोन्ही देशांत फारशी नव्हती.

तिसरी पायरी 'ताओलू'. ठरलेल्या हालचालींची ठरलेल्या क्रमाने बांधलेली मालिका म्हणजे ताओलू. तिच्यात बचाव, वार, वळण, झेप हे सारे गुंफलेले असते. लिहिण्या-वाचण्याची सोय नसलेल्या समाजात ही मालिका हेच घराण्याचे पुस्तक होते. शिफू ती एकदम देत नाही. तीन-चार हालचाली देतो, त्या बसल्या की पुढच्या. हनानमधील छनज्यागौ या गावातील छन घराण्याच्या ताय-ची-छुआनमध्ये शिष्य आधी 'पहिला मार्ग' ही मंद, गोलाकार मालिका वर्षानुवर्षे करतो. वेगवान आणि स्फोटक 'दुसरा मार्ग' त्यानंतर. याच गावात विद्या घेऊन यांग लूछान (१७९९–१८७२) याने ती पेइचिंगला नेली आणि तेथून तिच्या शाखा फुटल्या. आज बागेत वृद्ध मंडळी करताना दिसतात ती २४ हालचालींची सोपी ताय-ची मात्र १९५६ मध्ये चीनच्या क्रीडाखात्याने बांधलेली आहे. ती उपयुक्त आहे, परंतु तिला हजारो वर्षांची परंपरा म्हणणे चुकीचे. ताय-ची-छुआनचा समावेश २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

मालिका पाठ झाली म्हणजे विद्या आली, असा समज मोठा आहे आणि घातकही. चौथी पायरी जोडीची. ताय-चीमध्ये दोघे जण मनगटाला मनगट लावून, एकमेकांचा तोल चाचपत 'तुई शोउ' करतात. अन्य घराण्यांत ठरवून केलेले वार-प्रतिवार असतात, मग ठरवून न केलेले. पकड आणि सांधे मुरडण्याच्या भागाला 'छीन ना' म्हणतात. आणि 'शुआय ज्याओ' ही तर चिनी कुस्तीच: जाड कापडाचा आखूड बाह्यांचा सदरा घालून लढतात, प्रतिस्पर्ध्याला पाडले की गुण मिळतो आणि जमिनीवरचा झगडा नसतो. आपल्या कुस्तीत पाठ लागेपर्यंत डाव संपत नाही. तेथे पडणे हाच शेवट. या एका फरकाने दोन्हीकडील डावांची घडण वेगळी झाली. लांग, ढाक, धोबीपछाड अशा उभ्यातील फेकींसारखे डाव शुआय ज्याओत ओळखू येतात. घिस्सा मारून चीतपट करण्याला तेथे जागा नाही.

शस्त्रे यानंतर. काठी, वक्र तलवार (दाओ), भाला आणि सरळ दुधारी तलवार (ज्येन) ही चार प्रमुख शस्त्रे. आरंभ काठीने आणि शेवट बहुधा दुधारी तलवारीने, असा सर्वसाधारण क्रम. काठी आणि भाल्याचा दांडा उत्तरेत पांढऱ्या मेणाच्या झाडाच्या लवचीक लाकडाचा घेतात. तो थरथरतो, आणि ती थरथर ताब्यात ठेवणे हीच परीक्षा. आपल्याकडे लाठी वेळूची. त्यापुढे फरी-गदगा, म्हणजे लहान ढाल आणि कातड्याने मढवलेली काठी, हा सरावाचा खरा वर्ग. मग तलवार, भाला, दोरी बांधलेला विटा आणि दांडपट्टा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. हे शस्त्र मनगटाने नव्हे तर खांद्यापासून चालते, कारण हाताचा कोपरापर्यंतचा भाग पोलादी खोबणीत अडकलेला असतो. अशी रचना चीनच्या शस्त्रांत आढळत नाही. तेथील शिफूलाही दांडपट्टा नव्यानेच शिकावा लागेल.

या साऱ्याच्या जोडीला बळ आणि दम. शाओलीनमध्ये 'शी स्वो', म्हणजे कुलपाच्या आकाराचे मुठीचे दगड, उचलून, फेकून, झेलून मेहनत करतात. आपल्या तालमीतील नाल आणि मुद्गल पाहिलेल्याला त्याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. खांबांवर उभे राहून पवित्रे टाकण्याचीही चीनमध्ये रीत आहे. मल्लखांबाशी तिची तुलना केली जाते, पण ती वरवरची आहे. त्यांचा खांब पायाखाली असतो, आपला अंगाला भिडलेला. शेवटी श्वास आणि आरोग्याचे व्यायाम. त्यांतील 'बादुआनजिन' ही आठ हालचालींची मालिका कोणत्याही वयात शिकता येते आणि तिला जागाही फारशी लागत नाही.

रिकाम्या हाताच्या विद्येचा लढाईत उपयोग किती, या प्रश्नाचे उत्तर चिनी लोकांनी फार पूर्वी स्वच्छपणे दिले आहे. १६व्या शतकातील मिंग सेनापती छी जिगुआंग याने आपल्या लष्करी ग्रंथात मुष्टियुद्धाचे प्रकरण घातले, पण सोबत बजावले की रणांगणावर त्याचा फारसा उपयोग नाही. नवख्या सैनिकाचे हातपाय तयार करण्यासाठी ते घ्यावे. चार शतकांपूर्वीचा हा निर्वाळा आजच्या जाहिरातींहून प्रामाणिक वाटतो.

विद्या, राष्ट्र आणि प्रदर्शन

पारंपरिक शिक्षण घराण्यात किंवा गावात बंदिस्त असे. शिष्य दोन प्रकारचे: शुल्क देऊन शिकणारे आणि विधिपूर्वक स्वीकारलेले. दुसऱ्या प्रकारच्या शिष्याने गुरूला चहा अर्पण करून, वाकून नमस्कार करून नाते जोडायचे. त्यानंतरच घराण्याच्या आतील गोष्टी त्याला मिळत. विसाव्या शतकाने ही दारे उघडली. १९१० मध्ये शांघायात स्थापन झालेल्या जिंगवू संस्थेने अनेक घराण्यांचे शिक्षक एकत्र आणले, ठराविक अभ्यासक्रम बांधला आणि स्त्रियांनाही प्रवेश दिला. तिचा हेतू राष्ट्राचे शरीर बळकट करण्याचा होता. आपल्याकडे याच सुमारास बडोद्यात माणिकराव भारतीय भाषेतील आज्ञांवर संघव्यायाम बसवत होते, आणि १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. बडोद्यातूनच मराठीतील 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात देशी खेळांची जी माहिती नोंदली गेली ती आजही अन्यत्र मिळणे कठीण आहे. दोन्ही देशांतील या प्रयत्नांची एका ठिकाणी गाठ पडली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने चीनच्या क्वोशू पथकाने तेथे प्रात्यक्षिके दाखवली आणि अमरावतीच्या पथकानेही. चिनी पथकात स्त्रियाही होत्या.

पुढची वाट मात्र वेगळी झाली. १९४९ नंतर चीनने घराण्यांच्या मालिकांतून प्रमाण मालिका तयार केल्या, गुणदानाचे नियम केले, क्रीडासंस्थांत प्रशिक्षक नेमले. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात (१९६६–७६) जुन्या शिफूंनी फार सोसले. १९८२ मध्ये जेट ली याचा 'शाओलीन टेम्पल' हा चित्रपट आला आणि मठाच्या पायथ्याशी दंगफंग शहरात निवासी शाळांचे पीक उगवले. आज तेथे हजारो मुले शिकतात. भारतात ही लाट त्याआधीच पोहोचली होती. १९७३च्या 'एंटर द ड्रॅगन'ने ब्रूस ली घरोघरी गेला. त्याने हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन या दक्षिणी घराण्याचे शिक्षण घेतले होते, हे त्याच्या भिंतीवरील चित्राइतके प्रसिद्ध झाले नाही.

मर्दानी खेळांना अशी राजाश्रयाची दुसरी पाळी मिळाली नाही. संस्थानी कोल्हापुरात ते टिकले, स्वातंत्र्यानंतर तालमींनी आणि काही घरांनी आपल्या बळावर चालवले. २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गतका, थांग-ता आणि कलरीपयट्टू यांचा समावेश झाला. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही गतका, कलरीपयट्टू, मल्लखांब होते आणि वूशूही होता. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हते. चीनने नियम करताना विद्येचा काही भाग गमावला, ही तक्रार तेथील जुने लोक करतात आणि ती खरी आहे. परंतु नियमच न केल्यास विद्या मिरवणुकीपुरती उरते, हेही तितकेच खरे. लिंबू कापण्याच्या प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात, फरी-गदग्याच्या जोडीला कोणी थांबत नाही.

क्रीडावूशू आणि भारत

आंतरराष्ट्रीय वूशू महासंघ १९९० मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी पेइचिंगच्या आशियाई स्पर्धेत वूशूचा प्रवेश झाला. खेळाचे दोन विभाग आहेत. 'ताओलू'मध्ये खेळाडू गालिच्यावर एकटा मालिका सादर करतो. १० पैकी ५ गुण हालचालींच्या अचूकतेला, ३ एकूण सादरीकरणाला आणि २ अवघड उड्या-वळणांना. 'सांदा' हा प्रत्यक्ष लढतीचा विभाग. ८ मीटर लांबी-रुंदीच्या, ८० सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत जास्त फेऱ्या जिंकणारा विजयी. ठोसा, लाथ आणि फेक चालते. कोपर आणि गुडघा चालत नाही. प्रतिस्पर्ध्याला चौथऱ्याखाली ढकलल्यासही लाभ मिळतो.

भारतीय वूशू संघटना १९८९ची. या खेळातील भारताच्या पदकांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकणारी संध्याराणी देवी आणि कांस्य जिंकणारा बिमोलजित सिंग, २०१४ मध्ये कांस्य मिळवणारी सनाथोई देवी, २०१८ मध्ये कांस्य आणि हांगचौ येथे २०२३ मध्ये झालेल्या स्पर्धेत रौप्य मिळवणारी रोशिबिना देवी, हे सारे मणिपूरचे. २०१७ मध्ये कझान येथे भारताला सांदामधील जागतिक सुवर्ण मिळवून देणारी पूजा कादियान आणि दोन आशियाई स्पर्धांत कांस्य मिळवणारा नरेंदर ग्रेवाल हरियाणाचे. एक मुलूख थांग-ताचा, दुसरा कुस्तीचा. परकी विद्या रुजते ती जेथे देशी विद्येने आधीच जमीन नांगरून ठेवली आहे तेथे, असा निष्कर्ष यातून काढण्यास हरकत नसावी. सांदातील फेक ही पैलवानाच्या अंगात आधीच असते. त्याला शिकायची असते ती ठोसा-लाथेची मर्यादा आणि अंतर. या कसोटीने पाहिल्यास कागल, निपाणी, चिकोडीचा पट्टा या खेळासाठी हरियाणाहून कमी सुपीक नाही.

खेळाला राजकारणही सुटलेले नाही. हांगचौच्याच स्पर्धेत अरुणाचल प्रदेशच्या तीन वूशू खेळाडूंना चीनच्या प्रवेश-परवान्याच्या वादामुळे जाता आले नाही. रोशिबिनाने आपले रौप्य त्या तिघींना अर्पण केले.

वर्ग निवडताना

पारंपरिक शिक्षण देतो म्हणणाऱ्या शिक्षकाला घराण्याचे नाव आणि आपल्या गुरूचे नाव सांगता आले पाहिजे. 'शाओलीन' एवढे उत्तर पुरेसे नाही. शाओलीनच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या मालिका अनेक आहेत. रंगीत पट्टे ही जपानी पद्धत. चीनमध्ये नऊ श्रेणींची व्यवस्था १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, जुन्या घराण्यांत ती नव्हती. त्यामुळे सहा महिन्यांत दोन पट्टे आणि प्रत्येकाचे वेगळे शुल्क, अशी योजना दिसली तर तिचा परंपरेशी संबंध नाही हे ओळखावे. पहिल्याच महिन्यात कौले फोडून दाखवणारा किंवा वाढत्या वयाच्या मुलांना हाताची हाडे कठीण करण्यासाठी टणक वस्तूंवर मारायला लावणारा वर्ग टाळावा. बोटांच्या सांध्यांना त्यातून होणारी इजा आयुष्यभर राहते. मा बूमध्येही गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहतो की आत कोसळतो, हे शिक्षक पाहतो का, यावरून त्याची पारख बरीच होते. तालमीत वस्ताद काठी टेकून कोपऱ्यात उभा असतो आणि जोर मारणाऱ्या पोराची कंबर कोठे जाते एवढेच बघत असतो. चांगल्या शिफूचे वागणे याहून वेगळे नसते.

सांदाच्या वर्गात डोक्याचे आणि छातीचे कवच, दातांचे रक्षक, हातमोजे आणि लंगोटीच्या जागी कठीण कवच असणे आवश्यक. मुलामुलींची जोड वजनानुसार लावली जाते का, ते विचारावे. ज्यांना स्पर्धेत उतरायचे नाही, विशेषतः चाळिशीपुढील मंडळी, त्यांनी ताय-ची किंवा बादुआनजिनपासून आरंभ करणे बरे; तोल आणि गुडघ्यांची ताकद यांसाठी ते उपयोगी पडते.

सीमाभागातील खेळाडूपुढे आणखी एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. कोगनोळीहून कोल्हापूर सुमारे तीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुपटीहून दूर. सराव साहजिकच कोल्हापुरात होतो. मात्र राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू राज्याच्या संघातून उतरतो आणि कोगनोळीच्या मुलाच्या कागदपत्रांवर कर्नाटक असते. त्यामुळे वर्गात नाव घालताना तो वर्ग कोणत्या राज्याच्या वूशू संघटनेशी संलग्न आहे आणि दुसऱ्या राज्यातील पत्त्यावर निवड चाचणीला बसता येते का, हे दोन्ही बाजूंच्या संघटनांकडून लेखी विचारून घ्यावे. डाकार येथे २०२६ च्या युवा ऑलिंपिकमध्ये वूशूचा समावेश झाल्यानंतर किशोर गटाच्या चाचण्यांना येणाऱ्यांची गर्दी वाढणार, हे उघड आहे.